पीडीएफ पोचली, पण विचारायचं कुणाला? बडोद्यातली एक केस

दूरशिक्षणाचं भविष्य म्हटलं की चर्चा लगेच ॲप, ए.आय. आणि ऑनलाइन डिग्रीकडे वळते. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, पण ज्या बाईला रात्री दहाला ओटा आवरून अभ्यासाला बसायचंय तिला ही सगळी व्यवस्था कशी दिसते हे कुणी नीट लिहीत नाही. म्हणून एकच केस लिहितेय, सुरुवातीपासून निकालापर्यंत. मी बडोद्यात अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवते, आणि ज्यांची ही केस आहे त्या आमच्याच गल्लीत, दांडिया बाजारच्या मागे राहतात. त्यांना विचारूनच लिहितेय, नाव मात्र देत नाही, ताई म्हणते. विद्यापीठाचंही नाव देत नाही, कारण त्या एका विद्यापीठावर राग काढायचा नाहीये, दुसरीकडेही असंच चालतं.

ताई मूळच्या नंदुरबारकडच्या. घरी अहिराणी, शाळा मराठी, लग्नानंतर बडोद्यात आल्यावर बाजारात आणि कामावर गुजराती. बारावीनंतर एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, ॲडमिशन घेतलं होतं, 2008 साली, वर्ष पूर्णही झालं, मग लग्न ठरलं आणि ते तिथेच राहिलं. त्या वर्षाचं त्यांच्या हातात आज एक मार्कशीट सोडून काही नाही. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष करून थांबलं तरी सर्टिफिकेट मिळायची सोय आली आणि 2021 ला क्रेडिट बँक आली, म्हणजे अर्धवट राहिलेलं शिक्षण जमा राहतं आणि पुढे कामाला येतं. हे सगळं तेरा वर्षं आधी असतं तर ताईंचं एक वर्ष तरी वाचलं असतं. पण तेव्हा नव्हतं.

त्या एका हॉस्पिटलमध्ये कॅशलेस डेस्कवर आहेत, मेडिक्लेमच्या फाइली बघणं, टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला, प्री-ऑथ म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज पाठवणं, क्वेरी आली की डॉक्टरच्या मागे लागून उत्तर मिळवणं, हे काम. काम त्यांना उत्तम येतं, नवीन मुलींना त्याच शिकवतात. पण इनचार्ज व्हायला ग्रॅज्युएशन पाहिजे. दोनदा त्यांनी शिकवलेल्या मुली त्यांच्या वरच्या पोस्टवर गेल्या. तिथून 2021 च्या जुलैमध्ये बी.ए. करायचं ठरलं, मिस्टरांची मकरपुऱ्याला जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शिफ्टची नोकरी, मुलगा सातवीत, म्हणजे रेग्युलर कॉलेजचा प्रश्नच नव्हता.

आता पहिली अडचण, आणि ही खास आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांची आहे. ताईंना मराठीतून शिकायचं होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, मराठीत उत्तम पुस्तकं काढतं, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरशिक्षणाची केंद्रं आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत, यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम आहे. नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे, मधल्या काळात कुठल्याही राज्यातलं कुठलंही विद्यापीठ देशभर दुकानं उघडून बसलं होतं, ते थांबवायलाच पाहिजे होतं. पण त्याचा एक परिणाम असा की बडोद्यासारख्या शहरात, जिथे मराठी माणूस गायकवाडांच्या काळापासून आहे, तिथे मराठीतून दूरशिक्षण घ्यायला जवळचं सेंटर नाही. गुजरातचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ 1994 पासून आहे, पण ताईंना गुजराती बोलता येतं, पानंच्या पानं लिहिता येत नाही. नाशिकच्या विद्यापीठाच्या परीक्षेला दरवेळी नंदुरबारला जाणं नोकरीतून शक्य नव्हतं. शेवटी हिंदी माध्यमाची सोय असलेल्या एका विद्यापीठात नाव घातलं. म्हणजे घरची भाषा एक, शाळेची दुसरी, कामाची तिसरी आणि अभ्यासाची चौथी.

फॉर्म भरताना एक ऑप्शन होता, छापील पुस्तकं नको असतील तर फी थोडी कमी. ताईंनी टिक केलं. कुणीही केलं असतं.

मग पहिलं वर्ष सुरू झालं आणि खरंतर काहीच सुरू झालं नाही. पीडीएफ डाउनलोड झाल्या, एकेक तीन-चारशे पानांची. मोबाईलवर झूम करत वाचायचं, एक ओळ पूर्ण दिसत नाही, उजवीकडे सरकवायचं, परत डावीकडे. स्टडी सेंटरला काउन्सेलिंग क्लास असतात असं माहितीपत्रकात होतं, पण कोविडमध्ये ते ऑनलाइन झाले, ऑनलाइन दुपारी व्हायचे जेव्हा ताई डेस्कवर, आणि नंतर मुलं येत नाहीत म्हणून जवळपास बंदच झाले. सेंटरवाल्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं, मुलं खरंच येत नव्हती. व्हॉट्सॲपवर एक मोठा ग्रुप होता, त्यात दिवसभर एकच विषय, सॉल्व्हड असाइनमेंट कुणाकडे आहे का, आणि दोन-तीन जण ते विकणारे. ताईंनी पहिल्या असाइनमेंट्स स्वतः लिहिल्या, हाताने, रात्री जागून, पुस्तकातली वाक्यं जुळवून. सबमिट केल्या. काही महिन्यांनी पोर्टलवर आकडे दिसले. बस. काय बरोबर होतं, काय चुकलं, कुठे तोकडं पडलं, एक अक्षर परत आलं नाही.

जून 2022 च्या परीक्षेत दोन पेपर दिलेच नाहीत, एकात नापास, एक कसाबसा निघाला. ताई मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, माझं वय गेलं आता, डोक्यात शिरत नाही." मी त्यांच्या डेस्कवरचं काम बघितलंय, माझ्या सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी. ज्या बाईला चार कंपन्यांच्या पॉलिसीतल्या अटी तोंडपाठ आहेत तिच्या डोक्यात शिरत नाही हे मला पटेना. मी म्हटलं रविवारी पुस्तक घेऊन या.

आधी हिशोब केला, आणि हा हिशोब प्रत्येक दूरशिक्षणवाल्याने पहिल्या दिवशी करायला हवा. दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास धरतात, त्यात वाचन, व्हिडिओ, असाइनमेंट सगळं आलं. सहा क्रेडिटचा पेपर म्हणजे 180 तास. ताईंना सेमिस्टरला 22 क्रेडिट होते, म्हणजे 660 तास, आणि 26 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 25 तास. ताईंकडे रोज रात्री दीड-दोन तास, तेही मुलाची परीक्षा नसेल आणि मिस्टरांची नाइट नसेल तर. फार ओढून ताणून आठवड्याला बारा-तेरा. म्हणजे बरोबर निम्मे. यात वयाचा आणि डोक्याचा काही संबंधच नाही, हा सरळ गणिताचा प्रश्न आहे, आणि उत्तरही नियमातच होतं, तीन वर्षांचा कोर्स सहा वर्षांपर्यंत करता येत होता. निम्मे पेपर आता, निम्मे पुढच्या वेळी. हे त्यांना ॲडमिशनच्या वेळी कुणी सांगितलंच नव्हतं. पाच मिनिटांचं बोलणं आहे हो हे. पण ते बोलायला समोर माणूस लागतो, पोर्टल फक्त फी भरली का एवढंच विचारतं.

मग अभ्यास. आमच्या सोसायटीच्या गणपती मंडळाची एक खोली आहे, ढोल, मांडवाचं कापड, लोखंडी पाइप ठेवायची, तिथे एक टेबल टाकलं आणि रविवारी दुपारी तीन ते पाच बसायचं ठरलं. ताईंच्या ओळखीतल्या अजून दोघी आल्या, एक शिवणकाम करणारी, एक नर्सिंग होममधली आया, दोघी त्याच कोर्सला. छापील पुस्तकं नव्हती तर पीडीएफची झेरॉक्स काढून स्पायरल करून आणली, जी फी वाचली होती ती त्यात गेली.

एक रविवार मला सविस्तर सांगायचाय. समाजशास्त्राच्या पेपरात जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर, त्यांचा नोकरशाहीवरचा विचार. ताईंनी असाइनमेंटसाठी उत्तर लिहून आणलं होतं, पुस्तकातले मुद्दे जसेच्या तसे, हिंदीत, अधिकारांची उतरंड, लेखी नियम, कामाची विभागणी, व्यक्ती न बघता नियम बघणं, पात्रतेवर नेमणूक. एकही मुद्दा चुकीचा नव्हता आणि एकही त्यांचा नव्हता. मी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, तुमच्या डेस्कवर डिस्चार्जला उशीर का होतो?

ताई सुरू झाल्या. डॉक्टर सकाळी दहाला पेशंटला सांगतात जा घरी, नातेवाईक बॅग भरून बसतात. पण समरी टाइप व्हायची असते, मग बिलिंगला, मग फाइल आमच्याकडे, आम्ही टीपीएला फायनलला पाठवतो, तिकडून क्वेरी येते की अमुक रिपोर्टवर सही नाही. सही करणारे डॉक्टर ओटीत. नातेवाईक मला शिव्या देतात, मला माहीत असतं केस शंभर टक्के पास होणार, तरी मी सोडू शकत नाही, कारण कागद पूर्ण नाही. माझ्या सख्ख्या नणंदेची केस होती तेव्हाही मी सोडू शकले नाही, संध्याकाळी सातपर्यंत बसवलं. आणि तिकडे टीपीएत जो बसलाय त्यालाही सोडता येत नाही, त्याच्या वर मेडिकल ऑफिसर, त्याच्या वर कंपनी. आणि मॅडम, एक आहे, हे सगळं नसतं तर ओळखीवाल्याचं आधी आणि गरिबाचं नंतर झालं असतं, ते पण मी बघितलंय, जुन्या ठिकाणी.

मी काही बोलले नाही. त्यांनीच वही ओढली आणि मुद्द्यांपुढे पेन्सिलीने लिहायला लागल्या. उतरंड, म्हणजे टीपीए, मेडिकल ऑफिसर, कंपनी. लेखी नियम, म्हणजे सहीशिवाय नाही. व्यक्ती न बघणं, नणंद. शेवटच्या मुद्द्यावर, पात्रतेवर नेमणूक, तिथे थांबल्या, आणि म्हणाल्या, "हा तर मीच झाले, ज्याला काम येतं तो खाली आणि ज्याच्याकडे कागद आहे तो वर." मग जरा वेळाने, "पण कागद नको म्हटलं तर साहेबाचा भाचा वर." नोकरशाहीवर माझ्या वर्गात इतकी सरळ चर्चा क्वचित झालीय.

ते उत्तर त्यांनी परत लिहिलं. हिंदी मोडकीच होती, व्याकरणाच्या चुका होत्या, पण ते उत्तर होतं. आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. पुस्तक तेच होतं, व्हिडिओही तोच होता, विद्यापीठाचा अभ्यासक्रम चांगलाच होता. नव्हता तो फक्त एक प्रश्न, विचारणारा, आणि मग पाच-दहा मिनिटं ऐकून घेणारा.

यात नवीन काही नाही, उलट दूरशिक्षणाची सुरुवातच तिथून आहे. इंग्लंडात 1840 च्या दशकात आयझॅक पिटमन पोस्टाने शॉर्टहँड शिकवायचे, विद्यार्थी लिहून पाठवायचा आणि ते तपासून परत यायचं. ते परत येणं हाच कोर्स होता. आपल्याकडे 1962 ला दिल्ली विद्यापीठाने पत्राने शिक्षण सुरू केलं, 1982 ला हैदराबादला पहिलं मुक्त विद्यापीठ झालं, 1985 ला इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं, आणि तेव्हाच्या लोकांनी स्टडी सेंटर, काउन्सेलर, तपासून शेरा लिहिलेली असाइनमेंट हे सगळं मुद्दाम बसवलं होतं. नियमात ते अजून आहे. असाइनमेंटला 30 टक्के वजन आहे, परीक्षेला 70. झालं काय, तर मुलांची संख्या लाखांत गेली, तपासणाऱ्याला एका असाइनमेंटमागे मिळणारं मानधन थोडं, गठ्ठे मोठे, आणि शेरा गळून पडला, आकडा राहिला.

बडोद्याने तर हे फार आधी केलंय. ताईंना हिंदी पुस्तकातलं काही कळेना की आम्ही मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून समाजशास्त्राची मराठी पुस्तकं आणायचो, तिथे मराठीचा मोठा साठा आहे. ही लायब्ररी सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीतली. महाराजांनी 1906 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मग प्रश्न आला की शाळा सुटल्यावर माणूस वाचणार काय. 1910 ला त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं, आणि गावोगाव ग्रंथालयं, जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या अशी योजना उभी राहिली. बॉर्डन यांनी आल्यावर लगेचच ग्रंथपाल तयार करायचा वर्ग काढला. पुस्तक पाठवायचं तर ते हातात देणारा माणूस आधी तयार करायचा, हे त्यांना कळत होतं. त्याच्याही आधी याच संस्थानात मोतीभाई अमीन नावाच्या शिक्षकाने मित्रमंडळ ग्रंथालयं सुरू केली होती, गावातल्या लोकांनी एकत्र येऊन पेपर-पुस्तकं मागवायची आणि बसून वाचायची. हे सगळं आमच्या शहराच्या शंभर किलोमीटरच्या आत घडलंय आणि आमच्याच शहरात एका बाईला समाजशास्त्राचा एक प्रश्न विचारायला माणूस मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि टेक्नॉलॉजीच्या विरोधात मी अजिबात नाही. इथूनच जवळ खेडा जिल्ह्यात, नडियादजवळच्या पीजमधून, 1975 पासून टीव्हीचा जो प्रयोग झाला तो आठवा. 400 च्या आसपास गावांत सार्वजनिक टीव्ही बसवले, कार्यक्रम लोकांच्या बोलीत, त्यांच्याच प्रश्नांवर, पुढे त्याला युनेस्कोचं बक्षीस मिळालं. टीव्ही चालला कारण तो चालवणारे लोक गावात जाऊन विचारत होते, काय समजलं, काय नाही. यंत्राने काम केलंच, पण विचारणं सोडलं नव्हतं.

आज ऑनलाइन कोर्सला यूजीसीने चार भाग सांगितलेत, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासायच्या चाचण्या, आणि चर्चेचा मंच. पहिले तीन आता भरपूर आहेत, स्वयम् हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल 2017 ला सुरू झालं आणि त्यावर देशातल्या चांगल्या चांगल्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, ताईंनीही बघितले, अर्थशास्त्राचे तर फार उपयोगी पडले. चौथा भाग उघडून बघा. ताईंच्या एका कोर्सच्या मंचावर "सर नोट्स भेजिए" आणि "एक्झाम डेट क्या है" यापलीकडे काही नव्हतं. त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही, तिथे प्रश्न विचारून उत्तर मिळतं असं त्यांनी कधी बघितलेलंच नाही.

2023 मध्ये ए.आय.ची ॲप्स सगळ्यांच्या फोनवर आली आणि आमच्या रविवारात दोन्ही गोष्टी झाल्या. चांगली आधी सांगते. ताई हिंदी परिच्छेदाचा फोटो काढून मराठीत सोपं करून मागायच्या, रात्री अकरा वाजता, न लाजता, तोच प्रश्न परत परत. मला त्या वेळी फोन केला नसता त्यांनी. चार भाषांची जी अडचण होती ती बऱ्यापैकी हलकी झाली, आणि माझ्या मते मराठीतून शिकू इच्छिणाऱ्या परराज्यातल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. दुसरी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर असाइनमेंट विकणाऱ्यांचा धंदा एका झटक्यात बसला कारण आता प्रत्येकाला पाच मिनिटांत गुळगुळीत उत्तर मिळायला लागलं, ग्रुपवर टाकलेली उत्तरं बघितली तर सगळी एकसारखी, सुंदर हिंदी, कुणाचीच नणंद त्यात नाही. आणि त्यांना ताईंपेक्षा जास्त मार्क. ताईंच्या वेबरच्या असाइनमेंटलाही काही शेरा आला नव्हताच, आकडाच आला होता, आणि तो साधारण होता.

शिवणकामवाल्या ताईंनी सरळ विचारलं, मग आम्ही कशाला लिहायचं? याचं उत्तर देताना मला त्रास झाला, कारण व्यवस्थेच्या बाजूने द्यायला उत्तर नव्हतंच. जी असाइनमेंट कुणी वाचत नाही आणि जी मशीन लिहू शकतं, तिला 30 टक्के देण्यात काही अर्थ उरलेला नाही. ते 30 टक्के बोलण्याला द्या. प्रत्येक पेपरला एकदा, फोनवर किंवा व्हिडिओवर, दहा मिनिटं, विद्यार्थ्याने स्वतःच्या कामातलं, घरातलं, गल्लीतलं एक उदाहरण घेऊन विषय समजावायचा आणि काउन्सेलरने दोन प्रश्न विचारायचे. खर्चिक आहे का? एक विद्यार्थी, चार पेपर, 40 मिनिटं सेमिस्टरला. आज जे मानधन न वाचलेल्या गठ्ठ्यांवर जातं ते इकडे वळवा. रिटायर्ड शिक्षक प्रत्येक शहरात आहेत, बडोद्यात तर मराठी शिकवणारे कितीतरी घरी बसलेत कारण शाळा कमी झाल्या, त्यांना घरबसल्या हे काम करता येईल आणि विद्यार्थी कुठल्या राज्यात राहतो याचा प्रश्नच येणार नाही. भाषेचाही येणार नाही, उत्तर हिंदीत लिहा पण समजावून मराठीत सांगा, एवढं चालवून घेतलं तरी कितीतरी लोक टिकतील.

परत केसकडे येते. एका वेळी झेपतील तेवढेच पेपर द्यायचं ठरल्यावर ताईंचा एकही पेपर परत राहिला नाही. मार्क पंचावन्नच्या आसपास, कधी वर, कधी खाली. आयाबाई मध्येच थांबल्या, त्यांच्या घरी सासऱ्यांना पॅरालिसिस झाला, रविवारसुद्धा निघेना. त्यांचे जेवढे क्रेडिट झालेत ते जमा आहेत, ही गोष्ट मी त्यांना घरी जाऊन सांगितली कारण त्या धरून चालल्या होत्या की सगळं वाया गेलं. त्यांना मी ड्रॉपआउट म्हणणार नाही. दूरशिक्षणातली गळती मोजताना अशी माणसं कुठे धरतात ते बघायला हवं, ती सोडून गेलेली नसतात, घरात कुणाचं तरी करायची वेळ आलेली असते.

गणपतीच्या दहा दिवसांत खोली मंडळाला लागायची, तेव्हा आमच्या घरी बसायचो. ताईंचा मुलगा कधीकधी येऊन आपला अभ्यास तिथेच करायचा. दहावीच्या वर्षी तर त्यानेच आईला टाइमटेबल करून दिलं होतं.

डिसेंबर 2025 च्या परीक्षेत ताईंचे शेवटचे पेपर झाले, आणि त्या साडेचार वर्षांत बी.ए. झाल्या. हॉस्पिटलच्या एचआरने पहिला प्रश्न विचारला, रेग्युलर आहे का? ताईंनी यूजीसीचं सप्टेंबर 2022 चं पत्र काढून दाखवलं, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन डिग्री ही नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची. पत्राची प्रिंट त्या पर्समध्ये ठेवूनच गेल्या होत्या, डेस्कवर काम करणाऱ्या बाईला माहीत असतं की कागद लागतो. एचआरने प्रिंट ठेवून घेतली आणि बघतो म्हणाले. इनचार्जची पोस्ट अजून भरलेली नाही. ताईंनी दुसऱ्या एका हॉस्पिटललाही अर्ज केलाय, तिथे डिग्री बघून इंटरव्ह्यूला बोलावलं आणि इंटरव्ह्यूत विचारलं की डिस्चार्जला उशीर होऊ नये म्हणून तुम्ही काय बदलाल. त्यावर त्या बराच वेळ बोलल्या असं मला सांगत होत्या.

शिवणकामवाल्या ताईंचे चार पेपर राहिलेत, जूनमध्ये दोन देतील. जुलैच्या ॲडमिशनसाठी गल्लीतल्या आणि वाडी भागातल्या काही बायकांनी विचारलंय, एक रिक्षावाले भाऊ पण आहेत. आता ॲडमिशनच्या आधी क्रेडिट बँकेचं खातं आणि डेब आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी-क्रमांक, काढावा लागतो, आधार आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळलं पाहिजे, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तिथेच अडतं, म्हणून ते काम ताईंनी स्वतःकडे घेतलंय. फॉर्म भरून झाला की प्रत्येकाला बसवून तो तासांचा हिशोब करून द्यायचा, हेही त्यांनीच ठरवलं. छापील पुस्तकांच्या ऑप्शनवर टिक करायला सांगताहेत. रिक्षावाल्या भावांना रविवारी धंदा असतो, त्यांना दुपारी यायला जमणार नाही, तर त्यांच्यासाठी बुधवारी रात्री फोनवर बसायचं का, यावर सध्या आमचं बोलणं चालू आहे.